घरातल्या घरात कायले पासवर्ड?

आमच्या गल्लीत कॉम्प्युटर एकच आहे. तो आमच्या घरी.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये ऑनलाइन तास सुरू झाले. घरात मोबाइल एक आणि शिकणारे दोघं, मी आणि माझी धाकटी बहीण. दोघांचे तास नेमके एकाच वेळी यायचे आणि रोज सकाळी भांडण व्हायचं. शेवटी बाबांनी कापसाच्या पैशातून मलकापूरहून एक सेकंडहँड पीसी आणला. तो ओसरीतल्या टेबलावर बसला आणि आमचं भांडण मिटलं.

लॉकडाउन संपला, शाळा-कॉलेज परत सुरू झालं. पण पीसी काही रिकामा राहिला नाही. कुणाचा स्कॉलरशिपचा अर्ज, कुणाचा पीकविमा, कुणाच्या विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म, कुणाचा निकाल, कुणाच्या आईचं 'लाडकी बहीण'. मोताळा तालुक्यातलं आमचं रोहिणखेड इतिहासाच्या पुस्तकात जुन्या लढायांसाठी सापडतं. आजची लढाई मात्र 'सबमिट'चं बटण दाबायची आहे आणि ती लढायला अर्धी गल्ली आमच्या ओसरीत येते.

यात नवल काही नाही. २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत देशातल्या ग्रामीण भागातल्या फक्त ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. शहरांत हाच आकडा २३.४ टक्के. म्हणजे खेड्यात बावीस-तेवीस घरांमागं एक. त्यामुळं शहरात 'घरचा कॉम्प्युटर' म्हणजे चार माणसांचा असेल, आमच्याकडं तो चाळीस माणसांचा असतो. पुस्तकांत, व्हिडिओंत सुरक्षेचे जे सल्ले असतात ते 'माझा लॅपटॉप' असलेल्या माणसासाठी असतात. 'आमचा पीसी' असलेल्यांसाठी कुणी फारसं बोलत नाही. म्हणून हे लिहितोय.

उघडं दार

आमच्या पीसीवर पाच वर्षं एकच अकाउंट होतं. जोडून देणाऱ्यानं दिलेलं, नाव 'यूजर', पासवर्ड नाही. बटण दाबलं की थेट आत. जो येईल तो बसायचा, काम करायचा, उठून जायचा. आम्हाला त्याचं कौतुकच होतं. "आपल्या दारातून कुणी रिकामं जात नाही," असं आई म्हणायची.

मागच्या वर्षी बहीण दहावी झाली. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. तिनं कॉलेजांची यादी चार दिवस घासून बनवली. बस कुठली, वेळ किती, सायन्सची तुकडी कुठं, फी किती. मी शेजारी बसून तिला अर्ज भरून दिला. ब्राउझरनं विचारलं, "पासवर्ड सेव्ह करू का?" मी म्हटलं, करून टाक. तेवढंच टाइप करायचं वाचेल.

दोन दिवसांनी चुलतभाऊ आला. त्यालाही अकरावीलाच जायचं होतं. त्यानं साइट उघडली. ब्राउझरनं आयडी आणि पासवर्ड आपोआप भरून दिला. त्यानं लॉगिन दाबलं. समोर अर्ध्याहून जास्त भरलेला फॉर्म आला. वरचं नाव त्यानं बघितलंच नाही. त्याला वाटलं, दादानं आपल्यासाठी भरून ठेवला असेल. यादीतली कॉलेजं मात्र त्याला पटेनात. मग त्यानं ती काढून आपल्या आवडीची टाकली आणि खूश होऊन घरी गेला.

बहिणीनं शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी प्रिंट काढायला फॉर्म उघडला, तेव्हा तिला तिचीच यादी ओळखू येईना. सायन्स गायब, पहिल्या क्रमांकावर भलतंच कॉलेज. अर्ज अजून लॉक व्हायचा होता म्हणून वाचलो. त्यात लाइट गेली. ती रात्री साडेनऊला आली, तेव्हा पुन्हा सगळी यादी भरली. पोर्टलची चूक नव्हती. चुलतभावाचीही म्हणावी तर नव्हती. बाबा त्याच्यावर चिडले, तेव्हा बहीणच म्हणाली, "त्याची काय गलती हाय? दार तं उघडंच होतं."

एवढ्यावर हे संपलं असतं, तर मी लेख लिहिला नसता.

ती पुसून का उठायची?

त्या रात्री मी तिला म्हटलं, आपण आता सगळ्यांची वेगळी अकाउंट्स करू. तर ती म्हणाली, "मले तं कधीचंच पाहिजे होतं." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती गप्प बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "तवापासून मी उठतानी सारं पुसूनच उठते, दादा."

तवापासून म्हणजे कधीपासून, ते मला लगेच कळलं.

दोनेक वर्षांपूर्वी दिवाळीत सगळे चुलत-मावस भाऊ जमले होते. मॅचची लिंक शोधायला मी ब्राउझरची हिस्ट्री उघडली. त्यात बहिणीनं शोधलेलं होतं: पाळीच्या वेळी पोट इतकं का दुखतं. मी ते मोठ्यानं वाचलं. सगळे हसले. मीही हसलो. ती आत निघून गेली. मी ती गोष्ट पाच मिनिटांत विसरलो.

ती विसरली नव्हती. त्या दिवसापासून ती प्रत्येक वेळी हिस्ट्री पुसून उठायची. शाळेचं सोडून बाकी काही शोधायचीच नाही. तिच्या वहीत प्रश्न लिहिलेले होते, मैत्रिणीच्या मोबाइलवर शोधायचे म्हणून. ज्या घरात कॉम्प्युटर आहे त्या घरातली मुलगी, ज्यांच्याकडं नाही त्यांच्याकडं जाऊन प्रश्न विचारत होती.

बदललेल्या अर्जाचं मला जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं हे ऐकून वाटलं. अर्ज एका रात्रीत दुरुस्त झाला. हे दोन वर्षं चाललं होतं.

सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हॅकर येतो. काळं जाकीट, हिरवी अक्षरं, लांब कुठल्यातरी देशात बसलेला. आमच्या घरात हॅकर आला नव्हता. चुलतभाऊ आला होता. आणि मी होतो.

लपवण्यासारखं काय हाय?

दुसऱ्या दिवशी जेवताना मी वेगळ्या अकाउंटचं काढलं. बाबांचा प्रश्न तयार होता. "घरातल्या घरात कायले पासवर्ड पाहिजे? आपल्यात लपवण्यासारखं काय हाय?"

हा प्रश्न तुमच्याही घरात येणार आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. चिडून "माझी प्रायव्हसी!" म्हटलं की वाद संपतो आणि आपण हरतो.

मी बाबांना आपल्याच घराकडं बघायला सांगितलं. पाहुणा आला की तो ओसरीत बसतो. त्याला पाणी मिळतं, चहा मिळतो, जेवायची वेळ असेल तर ताट मिळतं. पण तो उठून थेट माजघरात जात नाही. त्यात त्याचा अपमान नसतो, ती रीत असते. आणि घरच्यांचंही तसंच. आईची एक पत्र्याची पेटी आहे. तिला कुलूप नाही. तरी आजवर आमच्यापैकी कुणी ती आईला न विचारता उघडलेली नाही. आईला काय लपवायचंय, असं बाबांनीही कधी विचारलं नाही.

आमचा कॉम्प्युटर ओसरीत होता, पण त्याच्या पोटात आख्खं माजघर होतं. बाबांच्या बँकेच्या पासबुकाचं स्कॅन, सातबारा, माझ्या मार्कशीट, बहिणीचे प्रश्न. आणि येणारा प्रत्येक जण चहा पिता पिता त्या माजघरातून फिरून जात होता. यात दोष येणाऱ्याचा नाही. आम्ही ओसरी बांधलीच नव्हती.

लपवणं आणि खासगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्हाणीला दार असतं, ते आत काही गुन्हा चाललाय म्हणून नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो निकाल मुख्यतः सरकार आणि नागरिक यांच्यातल्या नात्याचा आहे. त्याची प्रत घेऊन कुणी भावाविरुद्ध कोर्टात जावं, असं मी म्हणत नाही. पण त्यामागचा विचार घरालाही लागू होतोच: खासगीपणा हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. ती प्रतिष्ठा आपण सरकारकडं मागतो आणि धाकट्या बहिणीला मात्र देत नाही, हे काही बरोबर नाही.

गल्लीचे कागद आमच्या पोटात

हा प्रश्न फक्त घरच्यांच्या बचावाचा असता, तरी पुरे होता. पण त्याला दुसरी बाजू आहे.

अकाउंट्स वेगळी करायच्या आधी मी पहिल्यांदाच 'डाउनलोड्स'चं फोल्डर नीट उघडून बघितलं. अर्धी गल्ली तिथं होती. आधार कार्डं, टीसी, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, पासबुकं, पासपोर्ट साइज फोटो. लोक येऊन काम करून गेले होते आणि कागद आमच्याकडं ठेवून गेले होते. कुणालाच ते माहीत नव्हतं. त्यांनाही नाही, आम्हालाही नाही.

कुणी म्हणेल, ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो. असतो ना. नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष. शहरात अनोळखी माणसापुढं तो थोडाफार टिकत असेल. गावात? गावात कुणाचं नाव काय आणि तो कुणाच्या वर्गात होता, हे पारावरही सांगतील.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाचं एक पत्रक आलं होतं. इंटरनेट कॅफेतल्या सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार डाउनलोड करणं टाळा, केलंच तर सगळ्या प्रती तिथून कायमच्या पुसून टाका, असं त्यात होतं. आधारची झेरॉक्स कुणाला देऊ नका, या त्यातल्या वाक्यावरून गोंधळ उडाला आणि दोन दिवसांत ते पत्रक मागं घेतलं गेलं. पण पुसून टाकण्याचा सल्ला मात्र शहाण्या माणसाचा होता. फरक एवढाच, की आमचा पीसी 'सार्वजनिक' आहे हे आमच्या कधी लक्षातच आलं नाही.

सायबर कॅफेला निदान नियम आहेत. २०११ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार कॅफेवाल्यानं ओळखपत्र बघायचं, कोण कधी बसलं त्याची नोंद किमान एक वर्ष जपायची, अगदी खुर्च्यांमधल्या आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको, इथपर्यंत लिहिलंय. आमच्या ओसरीतल्या पीसीला यातलं काही नाही. पण उद्या त्यावरून कुणी काही उद्योग केला, तर चौकशी पहिल्यांदा ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्याकडंच येणार. म्हणजे बाबांकडं. हा मुद्दा मात्र बाबांना लगेच पटला.

'पाहुणा' कसा बनवायचा?

आता कामाचं बोलू. पूर्वी विंडोजमध्ये 'गेस्ट' नावाचं तयार अकाउंट असायचं. चालू केलं की झालं. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० पासून ती सोय वापरता येत नाही. पण तेच काम दुसऱ्या रस्त्यानं होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत.

सेटिंग्जमध्ये जा, मग अकाउंट्स. तिथं 'अदर यूजर्स' किंवा 'फॅमिली अँड अदर यूजर्स' दिसेल. 'अ‍ॅड अकाउंट' दाबा. तो ईमेल मागेल. तेव्हा 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' निवडा आणि पुढच्या पानावर 'अ‍ॅड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'. नाव द्या. 'गेस्ट' हे नाव विंडोज देऊ देत नाही, ते त्यानं स्वतःसाठी राखून ठेवलंय. आम्ही इंग्रजी अक्षरांत 'पाहुणा' लिहिलं. तसंच घरातल्या प्रत्येकाचं एक. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

असं बनवलेलं अकाउंट 'स्टँडर्ड' असतं. म्हणजे त्यात बसलेल्याला दुसऱ्याच्या अकाउंटमधले डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप उघडता येत नाहीत आणि सगळ्या कॉम्प्युटरवर परिणाम करणारी सेटिंग्ज बदलता येत नाहीत. ज्याच्या हातात हे सगळं असतं ते 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' अकाउंट. ते रोजच्या वापराला घेऊच नका. घराची मुख्य किल्ली आपण रोज शेतात घेऊन जात नाही, तसंच.

तीन गोष्टी मात्र मी चुकून चुकून शिकलो, त्या आधीच सांगतो.

एक, डी ड्राइव्ह. आपल्याकडं कॉम्प्युटर जोडून देणारे सी, डी, ई असे भाग पाडून देतात आणि आपण फोटो, कागदपत्रं सगळं 'डी'त टाकतो. विंडोज ज्या फोल्डरांना कुलूप लावतं ती सी ड्राइव्हमधली, तुमच्या नावाची. 'डी' साधारणपणे सगळ्या अकाउंट्सना उघडाच असतो. मी दोन दिवस खुशीत होतो, मग 'पाहुणा' मधून 'डी' उघडून बघितला. आईचं ऑपरेशनचं फाइल जसंच्या तसं समोर. महत्त्वाचं सगळं आपापल्या डॉक्युमेंट्समध्ये हलवा.

दोन, ब्राउझर. क्रोममध्ये वेगवेगळी प्रोफाइल्स बनवता येतात, पण ती भिंत नव्हे, पडदा आहे. एकाच विंडोज अकाउंटमध्ये असाल तर कुणीही एका क्लिकवर दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये जाऊ शकतो. खरी भिंत विंडोजच्या वेगळ्या अकाउंटची. क्रोममध्ये 'गेस्ट' खिडकीही मिळते. ती बंद केली की हिस्ट्री आणि लॉगिन पुसले जातात आणि सेव्ह केलेले पासवर्ड तिच्यात दिसतच नाहीत. कुणी पाच मिनिटांसाठी आलं तर ती उत्तम. पण लक्षात ठेवा, डाउनलोड केलेली फाइल मागं राहतेच. ती हातानं पुसायची, मग रिसायकल बिनमधूनही.

तीन, व्हॉट्सअ‍ॅप वेब. प्रिंटसाठी म्हणून कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप जोडायचं आणि टॅब बंद करून निघून जायचं, ही आपली सगळ्यांची सवय. टॅब बंद केल्यानं ते तुटत नाही. पुढं बसणारा तुमच्या गप्पा वाचू शकतो. मोबाइलमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून लॉग आउट करा. आत्ता, हे वाचता वाचताच बघा. तिथं एखादा अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आणि उठताना विंडोजचं बटण आणि 'एल' एकदम दाबा. स्क्रीन लॉक होते. पाणी प्यायला उठलात तरी दाबा.

कुलूप म्हणजे तिजोरी नव्हे

हे केलं म्हणजे सगळं झालं, असं मात्र नाही. पाहुण्याच्या खोलीची भिंत मोठ्यामोठ्यांच्या घरातही फुटलेली आहे.

अ‍ॅपलच्या मॅकमध्ये गेस्ट अकाउंटची सोय छान आहे. पाहुणा उठला की त्याचा पसारा आपोआप साफ. २००९ मध्ये 'स्नो लेपर्ड' आवृत्तीत एक दोष निघाला: काही जणांच्या मॅकवर गेस्टमध्ये जाऊन परत आलं, की मालकाचाच डेटा साफ झालेला. अ‍ॅपलनं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुरुस्ती दिली. उबुंटू लिनक्समध्येही २००८ पासून गेस्टची सोय होती, तीसुद्धा उठताना पुसून जाणारी. २०१७ मध्ये लक्षात आलं, की नव्या आवृत्त्यांत पाहुण्याभोवतीचं कुंपणच नीट लागत नव्हतं आणि तो दुसऱ्याच्या फाइल्सपर्यंत पोचू शकत होता. मग ती सोय बंद करण्यात आली.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत कॉम्प्युटरबाहेर हवीच, पेन ड्राइव्हवर का होईना. आणि अपडेट टाळायचे नाहीत. आमचा पीसी २०२० च्या मध्यावर घरात आला तेव्हा त्याच्यात विंडोज ७ होतं, ज्याचे सुरक्षा अपडेट त्याच वर्षी १४ जानेवारीला बंद झाले होते. म्हणजे आम्ही फुटक्या कौलांचं घर घेतलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. पुढं विंडोज १० टाकलं, तर त्याचेही नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वेगळी नोंदणी करून एक वर्षाची मुदतवाढ मिळते, ती आम्ही घेतली. जुना पीसी विंडोज ११ पेलत नसेल तर फुकट मिळणारं लिनक्स शिकायला कॉलेजची वर्षं चांगली असतात.

शिवाय वेगळं अकाउंट पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसला पूर्णपणे थांबवत नाही. हार्ड डिस्कच काढून नेणाऱ्यालाही थांबवत नाही. ते थांबवतं ते आपल्यासारख्यांना. सहज डोकावणाऱ्याला, चुकून क्लिक करणाऱ्याला, गंमत म्हणून हिस्ट्री वाचणाऱ्याला. आणि आपल्या घरांत नुकसान बहुतेक वेळा यांच्याच हातून होतं.

ज्याची नियत खरंच वाईट आहे, त्याच्यासाठी कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड कपटानं किंवा अप्रामाणिकपणे वापरला, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३० हा नंबर आहे, जितक्या लवकर फोन तितकं बरं. पण घरातल्या गोष्टी कायद्यापर्यंत जाऊच नयेत, यासाठीच तर रीत असते.

किल्ली कुणाकडं?

आता सगळ्यात अवघड मुद्दा. अ‍ॅडमिन अकाउंट कुणाकडं ठेवायचं?

हा मुद्दा तांत्रिक वाटतो, पण नाही. ज्याच्याकडं अ‍ॅडमिन, तो हवं तर सगळ्यांच्या फोल्डरात जाऊ शकतो, कुणाचाही पासवर्ड बदलू शकतो. बहुतेक घरांत ते आपोआप मोठ्या मुलाकडं जातं, कारण 'त्याला त्यातलं कळतं'. आमच्या घरात तो मोठा मुलगा मीच. आणि दिवाळीत हिस्ट्री मोठ्यानं वाचणाराही मीच. मग ही किल्ली माझ्या खिशात असेल, तर बहिणीच्या अकाउंटला अर्थ काय? सगळ्या खोल्यांना कुलपं लावायची आणि जुडगा त्याच माणसाच्या हातात द्यायचा, असं ते झालं असतं.

काही पालक म्हणतील, लहान पोरांवर लक्ष नको का ठेवायला? हवं. सहावी-सातवीतल्या मुलाचं अकाउंट आई-बाबांच्या देखरेखीखाली असावं आणि ते त्या मुलाला माहीत असावं. सांगून लक्ष ठेवणं आणि चोरून वाचणं यात फरक आहे. आणखी एक फरक मला बऱ्याच घरांत दिसतो. 'लक्ष' फक्त मुलींवर असतं. मुलगा रात्री दोनपर्यंत बसला तर अभ्यास, मुलगी दहापर्यंत बसली तर "काय चाललंय?" नियम करायचा असेल तर घरातल्या सगळ्यांना एकच करा.

आमच्याकडं शेवटी असं ठरलं. अकाउंट्स बहिणीनं बनवली, मी शेजारी बसून फक्त वाचून दाखवलं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड तिनं आणि आईनं मिळून ठरवला, एका चिठ्ठीवर लिहिला आणि ती चिठ्ठी आईच्या पत्र्याच्या पेटीत गेली, रेशन कार्ड आणि सातबाऱ्याच्या शेजारी. पासवर्ड कागदावर लिहू नये म्हणतात. पण आमच्या घरात त्या पेटीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. काही इन्स्टॉल करायचं असेल तर मला आईला विचारावं लागतं. पहिल्या आठवड्यात जड गेलं. आता सवय झाली.

डाउनलोड्समधल्या गल्लीच्या कागदांचं काय करायचं, हेही बहिणीनंच ठरवलं. ज्याचे त्याला विचारून, हवे असतील त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून, बाकी सगळे पुसून टाकले. एका काकूंना त्यांच्या मुलाचा हरवलेला जातीचा दाखला त्यात सापडला. त्यांनी पेढे आणले.

चुलतभाऊ त्यानंतर पहिल्यांदा आला, तेव्हा स्क्रीनवर आमची नावं आणि खाली 'पाहुणा' बघून खट्टू झाला. "आता मी पाहुणा झालो काय बे?" म्हणाला. मी त्याला म्हटलं, पाहुणा म्हणून तुझेही कागद इथं राहणार नाहीत, तुझंही कुणी वाचणार नाही. तो थोडा वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "मंग माह्या घरच्या मोबाइलवर बी करून देशील काय? माही बहीण माहे मेसेज वाचते."

करून दिलं. त्याच्या मोबाइलमध्ये गेस्टची सोय चालू होती. काही कंपन्या ती बंद ठेवतात.

माझ्या बहिणीनं आता हिस्ट्री पुसणं सोडलंय, असं ती म्हणते. मी बघितलेलं नाही. बघू शकत नाही.

या रविवारी तुमच्या घरच्या पीसीसमोर पंधरा मिनिटं बसा. घरात जेवढी माणसं तेवढी अकाउंट्स आणि एक पाहुण्याचं. आणि ते बनवायला घरातल्या अशा माणसाला पुढं बसवा, ज्याला आजवर कुणी "तुला काय पाहिजे?" असं विचारलेलं नाही.